वॉर्डातला पहिला सुधारणा प्रकल्प: आकडा आधी, उपाय नंतर

रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला, नर्सला किंवा फार्मासिस्टला कधी ना कधी सांगितलं जातं, "एखादा क्वालिटीचा प्रोजेक्ट घ्या." पुढचं बरंचसं ठरलेलं असतं. विषय 'रुग्णसुरक्षा', उपाय म्हणजे एक लेक्चर आणि भिंतीवर चार पोस्टर, पुरावा म्हणून लेक्चरचे फोटो. सहा महिन्यांनी वॉर्डात जाऊन पाहिलं तर पहिले पाढे पंचावन्न.

या लोकांना कळकळ नसते असं नाही. ते उपाय आधी ठरवतात आणि तो लागू पडेल असा प्रश्न मागाहून शोधतात. हा लेख उलट्या क्रमाने जातो. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा, संशय असलेल्या रुग्णाला अँटिबायोटिकचा पहिला डोस वेळेत मिळणं. 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'च्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण शॉकमध्ये असेल (रक्तदाब धोकादायक खाली गेला असेल) किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर हा डोस तासाभरात जायला हवा. शॉक नसेल आणि निदान नुसतं शक्य कोटीतलं असेल, तर तपास भराभर उरकून, शंका कायम राहिल्यास ३ तासांच्या आत. तुमचा विषय दुसरा असला तरी पायऱ्या याच.

पायरी १: हे ऑडिट आहे, सुधारणा आहे की संशोधन?

हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

काय करायला हवं हे आधीच माहीत आहे आणि आपण ते करतो का एवढंच तपासायचं असेल, तर ते ऑडिट. ते आपल्या वॉर्डात नीट घडावं म्हणून कामाची पद्धत बदलून पाहायची असेल, तर सुधारणा. आणि काय करायला हवं हेच माहीत नसेल, त्याचं उत्तर शोधून जगाला सांगायचं असेल, तर संशोधन. डोस वेळेत जातो का हे मोजणं ऑडिट. तो वेळेत जावा म्हणून औषध वॉर्डातच ठेवून पाहणं सुधारणा. कोणत्या रुग्णाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवून, दोन अँटिबायोटिकपैकी कोणतं चांगलं हे तपासणं संशोधन. तिसऱ्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची संमती यांतून सुटका नाही.

कागदावर सोपी वाटणारी ही रेघ प्रत्यक्षात पुसट असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसीयूमध्ये सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारा संसर्ग कमी करण्यासाठी पाच गोष्टींवर भर दिला: हात धुणं, लाइन घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणं, त्वचेला क्लोरहेक्सिडिन लावणं, शक्यतो जांघेची शीर टाळणं आणि गरज संपलेली लाइन काढून टाकणं. यातली एकही गोष्ट नवी नव्हती. १०३ आयसीयूंची आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २.७ वरून शून्यावर आलेला होता. या कामाला पूर्ण परीक्षणाची गरज नाही असं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एथिक्स समितीने ठरवलं होतं. २००७ च्या अखेरीस मानवी संशोधनावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने मात्र हे संशोधनच आहे असं म्हटलं आणि काम थांबलं. बराच गदारोळ झाल्यावर २००८ च्या फेब्रुवारीत खुलासा आला की सिद्ध झालेल्या पद्धती राबवायला आडकाठी नाही. एवढ्या जाणत्या लोकांचं घोडं इथे अडलं, तर आपण गृहीत काहीच धरू नये.

म्हणून सुरुवातीलाच एका पानाचा आराखडा एथिक्स कमिटीकडे द्या आणि "परीक्षणाची गरज नाही" असं उत्तर असेल तर तेही लेखी घ्या. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, मिळूही नये. पुढे कुठे छापायचं ठरलं तर हे पत्र हमखास मागतात.

पायरी २: विषय लहान निवडा

चांगल्या पहिल्या विषयाला तीन गोष्टी लागतात. तो वारंवार घडणारा हवा, वॉर्डातल्या लोकांना स्वतःला सलणारा हवा आणि बदलणं तुमच्या आवाक्यात हवं. महिन्यातून एकदा घडणारी घटना कितीही गंभीर असली तरी पहिल्या प्रकल्पाला घेऊ नका. सुधारणा झाली की नाही हे कळायलाच वर्ष जाईल. आणि ज्याला नवी इमारत किंवा नवी पदं लागतात तो विषय प्रशासनाचा, तुमचा नव्हे.

इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटमुळे जगभर रुळलेल्या पद्धतीत तीन प्रश्न विचारतात. आपल्याला नेमकं काय साधायचं आहे? जो बदल केला त्याने सुधारणा झाली हे कशावरून कळेल? आणि असा कोणता बदल करता येईल? प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरू करतात.

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात लिहा. "सेप्सिसची काळजी सुधारणे" हे उत्तर नव्हे. "आमच्या मेडिसिन वॉर्डात शॉक किंवा दाट संशय असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना ऑर्डरनंतर ६० मिनिटांत पहिला डोस मिळतो त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून सहा महिन्यांत ७० टक्क्यांवर नेणे" हे उत्तर. कोण, काय, किती, कधीपर्यंत. त्यातला ३० हा आकडा अंदाजाने लिहायचा नाही. पायरी ५ पूर्ण होईपर्यंत ती जागा कोरी ठेवा.

पायरी ३: माणसं गोळा करा

चार-पाच जण पुरेत. त्यांत जे काम बदलणार आहे ते रोज हाताने करणारी व्यक्ती हवीच. आपल्या उदाहरणात वॉर्डातली सिस्टर, शक्यतो रात्रपाळी जास्त करणारी. फार्मसीच्या खिडकीवर बसणारी व्यक्ती. ऑर्डर लिहिणारा ज्युनियर डॉक्टर. शिवाय ज्याची सही चालते असं एक वरिष्ठ नाव, कारण वॉर्डाच्या साठ्यात एक इंजेक्शन वाढवायलाही सही लागते.

नुसत्या आकड्याने कोणी हलत नाही, हे डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइसच्या गोष्टीतून दिसतं. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या प्रसूतिविभागातला बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता. मे महिन्यापासून त्याने विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये तो सुमारे २ टक्क्यांवर आला. याहून बोलका आकडा कुठला असणार? तरीही त्याच्या काळात बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही. त्याने स्वतः सविस्तर ग्रंथ छापला तो १८६१ मध्ये, आणि विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणायलाही कमी केलं नाही. ज्यांच्या हाताने काम व्हायचं त्यांनाच आरोपी केलं की ते तुमचं ऐकणार कसे?

"कोण चुकतं" हे शोधण्यासाठी आपण आलेलो नाही, हे पहिल्या बैठकीत बोलून दाखवा. आणि नंतर तसंच वागा.

पायरी ४: उभं राहून बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. केबिनमध्ये बसून कामाचा ओघ काढला तर तो नियमावलीतला ओघ निघतो. प्रत्यक्षातला वेगळा असतो. घड्याळ आणि वही घेऊन एका रुग्णाच्या मागे, ऑर्डर लिहिल्यापासून डोस जाईपर्यंत, चला. समजा असं दिसलं:

१०.१० ला डॉक्टरांनी केसपेपरवर औषध लिहिलं. केसपेपर राऊंडबरोबरच पुढच्या खाटांकडे गेला आणि सिस्टरच्या हाती आला १०.४५ ला. इंडेंट (औषधाची मागणी) लिहून फार्मसीकडे माणूस निघाला १०.५५ ला. औषध वॉर्डात पोचलं ११.३० ला. डोसआधी ब्लड कल्चर (जंतू शोधण्यासाठी रक्ताचा नमुना) घ्यायचं, तर बाटली वॉर्डात नाही. शेजारच्या वॉर्डातून आणेपर्यंत ११.५०. रुग्णाची सलाइनची सुई सुजलेली, नवी लावेपर्यंत १२.०५. कल्चर घेऊन डोस गेला १२.१५ ला.

एकूण १२५ मिनिटं. त्यांतली ३५ केसपेपर फिरण्यात गेली, ३५ औषध येण्यात, २० बाटलीत. सिस्टरने कल्चर घेऊन डोस दिला तो १० मिनिटांत. आता सांगा, सिस्टरना 'सेप्सिसचं महत्त्व' या विषयावर लेक्चर देऊन यातलं किती वाचेल?

असे पाच-सहा रुग्ण बघा आणि त्यात निदान एक रात्र आणि एक सुट्टीचा दिवस असू द्या. रात्री फार्मसीत एकच माणूस असतो, किल्ली भलत्याकडेच असते, पाळी बदलताना ओव्हर (कामाची सूत्रं) देण्या-घेण्याच्या अर्ध्या तासात ऑर्डर लिहिली गेली तर ती कोणाचीच नसते. बघताना मधे बोलू नका. रुग्णाला धोका दिसला तर अर्थातच वही बाजूला ठेवून मदत करा.

कारणं मांडायला काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्यासारखी आकृती वापरतात, किंवा एकाच अडचणीला पाच वेळा "का?" विचारतात. दोन्ही ठीक. पण प्रत्यक्ष न बघता काढलेली माशाची आकृती म्हणजे बैठकीतल्या लोकांच्या तक्रारींची यादी.

पायरी ५: मोजायचं काय आणि कसं

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक आव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली विभागणी आजही कामाला येते: रचना, प्रक्रिया, परिणाम. वॉर्डात औषध साठ्याला आहे का ही रचना. डोस ६० मिनिटांत गेला का ही प्रक्रिया. रुग्ण वाचला का हा परिणाम. पहिल्या प्रकल्पात भर प्रक्रियेवर ठेवा. एका वॉर्डातल्या मृत्यूंची संख्या इतकी कमी आणि इतक्या कारणांवर अवलंबून असते की सहा महिन्यांत तिच्यावरून काही सिद्ध होत नाही.

यात एका चौथ्या मापाची भर घाला: आपल्या बदलाने दुसरीकडे काही बिघडतंय का? डोस लवकर द्यायच्या घाईत कल्चर घेणं राहून जाईल. गरज नसलेल्यांनाही अँटिबायोटिक सुरू होईल. म्हणून "डोसआधी कल्चर घेतलेले किती" आणि "४८ ते ७२ तासांनी अँटिबायोटिक बंद केलेले किती" हेही बाजूला टिपत राहा.

मग व्याख्या. "ऑर्डरची वेळ" म्हणजे कोणती? केसपेपरवर लिहिलेली, तोंडी सांगितलेली की संगणकात नोंदलेली? "डोसची वेळ" म्हणजे सलाइन जोडली ती की संपली ती? हे एकदा ठरवून लिहून काढा. मग दोघांना तेच दहा केसपेपर वेगवेगळे वाचायला द्या. उत्तरं जुळली नाहीत तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, व्याख्येचा आहे.

फॉर्म एका पानाचा असू दे, रकाने सहा-सातच. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यावर नको. अनुक्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळी, कुलपात ठेवा. केसपेपरचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय या कामात अजिबात चालणार नाही.

भरून आलेल्या वेळांवर एक नजर टाका. सगळ्या १०.००, १०.३०, ११.०० अशा गोल असतील तर त्या ड्युटी संपताना आठवून भरल्या आहेत. रागावू नका, फॉर्म खाटेजवळ ठेवता येईल का ते बघा. आणि कोणी बघत असलं की माणसं जास्त नीट वागतात, हेही ध्यानात असू द्या. हात धुण्याच्या निरीक्षणात याने मोठा फरक पडतो.

आठवड्याला पाच-सहा रुग्ण असतील तर सगळेच घ्या. खूप असतील तर दर आठवड्याचे पहिले दहा घ्या, निवडून नको. बदल करण्याआधीचे दहा-बारा आठवडे हाती असले तर उत्तम. बरेचदा ते जुन्या केसपेपरमधून काढता येतात.

पायरी ६: बदल सुचवा, पण प्रशिक्षणापासून सुरू करू नका

उपायांची ताकद सारखी नसते. चूक करताच येणार नाही अशी रचना सर्वांत बळकट. त्याखाली काम सोपं करणारे, आठवणीवरचा भार काढणारे बदल. मग चेकलिस्ट आणि स्मरणपत्रं. तळाला प्रशिक्षण, पोस्टर आणि परिपत्रक. हे तळाचे उपाय स्वस्त आणि फोटोजेनिक असतात म्हणून लोकप्रिय आहेत. ज्याला माहितीच नाही त्याला शिकवायलाच हवं, पण माहीत असूनही होत नाही तिथे शिकवून काय होणार?

आपल्या उदाहरणातल्या तीन मोठ्या गळत्यांवर सरळ उपाय दिसतात. नेहमी लागणाऱ्या दोन-तीन अँटिबायोटिकचा पहिला डोस वॉर्डाच्या साठ्यात. कल्चरच्या बाटल्या, सुई, सिरिंज, स्पिरिट आणि फॉर्म असं सगळं एका बंद डब्यात. आणि तातडीची ऑर्डर लिहिल्यावर केसपेपर राऊंडबरोबर पुढे न जाता तिथेच सिस्टरच्या हातात, तोंडी सांगून.

पायरी ७: एका रुग्णावर करून बघा

इथे पीडीएसएचं चक्र येतं: ठरवा, करा, तपासा, पुढचं ठरवा. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत सगळे सांगतात आणि निम्मे जण चुकीची वापरतात. सहा महिन्यांच्या अख्ख्या प्रकल्पाला एक चक्र म्हणून दाखवलं की तिचा उपयोगच संपला. पहिलं चक्र एका दिवसाचं हवं: एक डबा, एक सिस्टर, एक पाळी, पुढचा एक रुग्ण.

करण्याआधी अंदाज लिहा. "डबा असला तर बाटलीपायी जाणारी २० मिनिटं वाचतील." मग बघा. समजा ती वाचली, पण दुसऱ्या रुग्णाच्या वेळी डबा रिकामाच होता, कारण भरायचा कोणी हे ठरलं नव्हतं. तर दुसऱ्या चक्रात डबा भरणं सकाळच्या ओव्हरमध्ये घाला आणि डब्याला साधं कागदी सील लावा, म्हणजे वापरला की लगेच दिसेल. तिसरं चक्र रात्रपाळीत. चौथ्यात दुसरा वॉर्ड. प्रत्येक चक्राच्या चार ओळी तारखेसह वहीत हव्यात. फसलेल्या चक्रांच्याही, कारण त्याच पुढच्या माणसाला उपयोगी पडतात.

लहान प्रयोगाचा आणखी एक फायदा म्हणजे विरोध कमी होतो. "आजपासून सगळ्यांनी असं करायचं" याला दहा हरकती येतात. "आज दुपारी एकदा करून बघूया का?" याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पायरी ८: रेघ काढा

आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी असे दोन खांब शेजारी उभे करून सुधारणा दाखवण्याचा मोह टाळा. आधी ११२ मिनिटं आणि नंतर ७४, दिसतं छान; पण वेळ आधीपासूनच उतरत होता का, की बदलानंतर दोन आठवडे घसरून पुन्हा वर गेला, हे त्या खांबांत दिसत नाही.

त्याऐवजी रन चार्ट काढा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर त्या आठवड्याचं प्रमाण किंवा मध्यक. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एका रुग्णाला सहा तास लागले तर सरासरी विनाकारण फुगते. बदलाआधीच्या सगळ्या बिंदूंचा मध्यक काढून तेवढ्यावर आडवी रेघ मारा, ती पुढे तशीच वाढवा आणि कोणता बदल कधी केला याच्या खुणा करा.

वाचायचे नियम दोनच लक्षात ठेवा. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला असतील, तर काहीतरी खरंच बदललं आहे. रेघेवरच पडलेला बिंदू मोजायचा नाही. सलग पाच किंवा जास्त बिंदू चढत किंवा उतरत असतील, तर तो कल आहे. यातलं काही नसेल तर तो नेहमीचा चढउतार. एक आठवडा चांगला गेला म्हणून पेढे नकोत आणि एक वाईट गेला म्हणून कोणाला बोलावून जाब विचारू नका. नेहमीचा चढउतार आणि खास कारणाने झालेला बदल वेगळे ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला. तो शिका, पण दुसऱ्या प्रकल्पात. पहिल्याला आलेखाचा कागद आणि पेन्सिल पुरते.

पायरी ९: नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा चेकलिस्ट आणली. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात चेकलिस्ट सर्वत्र लागू झाली आणि १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे योगायोगापलीकडे जाईल असा फरक नाही. यावर अजून वाद होतो. माझं मत असं की हुकुमाने आलेल्या कागदावर खुणा करणं आणि टीमने थांबून एकमेकांशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुणा शंभर टक्के असूनही कागदी घोडेच नाचत असू शकतात.

म्हणून टिकवायचं असेल तर बदल कोणाच्या उत्साहावर ठेवू नका. पहिल्या डोसची इंजेक्शनं वॉर्डाच्या मंजूर साठ्याच्या यादीत छापून घ्या. डब्याची तपासणी ओव्हरच्या रजिस्टरमध्ये रकाना म्हणून येऊ द्या. नव्या सिस्टर आणि डॉक्टर रुजू होतात त्या दिवशीच्या माहितीत हा बदल घाला. मोजणी बंद करू नका, कमी करा: आठवड्याऐवजी महिन्याला दहा रुग्ण. आणि तुमची बदली झाली तर हे कोण बघणार, ते नाव आजच ठरवा.

पायरी १०: लिहून काढा

सुधारणेचं काम लिहिण्यासाठी 'स्क्वायर' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पहिली आवृत्ती २००८ ची, सुधारित २०१५ ची. ती काम संपल्यावर नव्हे, सुरू करतानाच वाचा. तुमचा वॉर्ड कसा आहे, किती खाटा, रात्री किती माणसं, औषध कुठून येतं, हे तपशिलात लिहा. वाचणाऱ्याला आपल्याकडे हे जमेल का ते त्यावरूनच ठरवता येतं. जे फसलं तेही लिहा आणि का फसलं याचा तुमचा अंदाजही.

लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम पहिल्याच महिन्यात कागदावर आणा. रात्री तीन वाजता घड्याळ बघून वेळा भरणाऱ्या सिस्टरला आराखड्यातही मत होतं आणि मसुदाही तिने वाचला असेल, तर तिची जागा आभाराच्या ओळीत नाही, लेखकांच्या यादीत आहे.